हायसिंथच्या ग्लासातली पांढरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना काचेचा ग्लास आहे. पण माझ्यातून आजवर कोणी घोटभर पाणी प्यायलेले नाही. माझी घडणच तशी आहे. खाली गोल पोट, मग आवळलेली कंबर आणि वर एक लहानशी वाटी. वाटीत हायसिंथचा कंद बसतो, कंबरेतून त्याची मुळे खाली उतरतात आणि पोटातल्या पाण्यात पसरतात. मातीचा कणसुद्धा लागत नाही. बाहेर बर्फ साचलेले असताना घरात एक फूल उमलवायचे, एवढेच माझे काम होते. आता मी एका पुस्तकांच्या फळीवर रिकामा उभा आहे. माझ्या पोटात आतून एक पांढरी रेघ गोल फिरली आहे. ती कशी उमटली, तेच मला सांगायचे आहे.

युरोपातल्या बोहेमिया प्रांताच्या उत्तर भागात, डोंगरातल्या एका गावात काचेचा कारखाना होता. तिथे वोयतेख नावाचा कारागीर काच फुंकायचे काम करी. पाळी संपताना भट्टीत उरलेल्या काचेतून कारागिरांनी घरासाठी काही केले, तर मुकादम दुसरीकडे पाहत असे. त्या हिवाळ्यात वोयतेखच्या बायकोला, ओतिलियाला, मुलगी झाली होती. बाळंतपण जड गेले होते. तिला खाटेवरून उठवत नव्हते आणि खिडकीबाहेर नुसता पांढरा रंग होता. "काहीतरी हिरवं बघावंसं वाटतं," असे ती एकदा बोलून गेली. वोयतेखने ते लक्षात ठेवले. त्याने नळीच्या टोकावर तापून लाल झालेली काच घेतली, भिजवलेल्या लाकडी साच्यात धरली आणि गाल फुगवून फुंकर घातली. लाकूड चरचरले, वाफेचा लोट उठला आणि मी जन्माला आलो. साचा जुना होता, एका अंगाने जळालेला. त्यामुळे मी किंचित कललेला निघालो.

वोयतेखने मला घरी नेले आणि चर्चच्या माळ्याकडून मागून आणलेला, कोंब फुटलेला कंद माझ्या वाटीत बसवला.

"हा वाकडा आहे," ओतिलिया मला उशाशी धरून म्हणाली.

"ग्लास वाकडा आहे. मी सरळ चालत आलोय. उलटं असतं तर तू बोलायला मोकळी होतीस."

बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच हसली, आणि तिच्या हसण्याने पाळण्यातली मुलगी रडू लागली. ती मुलगी यार्मिला. आम्ही दोघे एकाच हिवाळ्यातले.

तेव्हापासून दर वर्षी शरदात ओतिलिया बाजारातून एक कंद निवडून आणी. तो हातात घेऊन दाबून पाही. टणक आणि जड असेल तरच घेई. हायसिंथच्या कंदाला हात लावला की बोटांना खाज सुटते, म्हणून त्या दिवशी ती घरभर बोटे एप्रनला घासत फिरे. मग ती माझ्यात अंगणातल्या पिंपातले पावसाचे पाणी भरी. नळाचे पाणी कधीच नाही, कारण आमच्या गावच्या पाण्यात चुना फार. पाण्यात ती कोळशाचा एक खडा टाकी, म्हणजे पाणी कुजत नाही. कंदाचे बूड आणि पाणी यांच्यात गव्हाच्या काडीएवढी फट ठेवी. पाणी बुडाला टेकले की कंद सडतो. मुळांनी पाणी स्वतः शोधत खाली यायला हवे.

मग माझी रवानगी तळघरात होई. तिथे बटाटे असत, कोळसा असे, आंबवलेल्या कोबीचे पिंप असे. अंधार आणि गारवा. अशा जागी वर काही दिसत नाही, पण माझ्या पोटात पांढरी मुळे एकेक करून उतरत आणि शेवटी सगळे पोट भरून टाकत. नाताळ उलटला की ओतिलिया मला वर आणी आणि कोंबावर निळ्या कागदाचे शंकूसारखे टोपडे घाली. उजेड एकदम लागला तर फूल पानांतच अडकून राहते. टोपड्याच्या अंधारात ते उजेड शोधत उंच होते.

लहानगी यार्मिला त्या टोपड्यापाशी घुटमळत राही. कोणी पाहत नाहीसे पाहून ती टोपड्याला बोट लावी, आणि हटकून पाठीमागून आवाज येई.

"यारुश्का! वरचेवर उघडून बघितलंस तर बुटकंच राहील ते. तुझ्या आत्यासारखं."

"आत्या बुटकी आहे कारण कोणीतरी तिला उघडून बघितलं?"

"जा, पाटी घेऊन बस!"

टोपडे निघायचे ते ह्रोमनित्सेच्या दिवशी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणारा हा मेणबत्त्यांचा सण. त्या दिवशी चर्चमधून आशीर्वादाची मेणबत्ती घरी आणतात आणि वर्षभर जपतात. वीज कडाडली की ती खिडकीत लावायची, आणि घरात कोणाचा जीव जायला आला की त्याच्या उशाशी. ओतिलिया मला खिडकीत ठेवी, शेजारी नवी मेणबत्ती ठेवी आणि टोपडे उचली. खाली दाट निळा तुरा असे. त्याचा वास अंगणापर्यंत जाई. शेजारच्या होलुबोव्हाकाकू तो वास घ्यायला म्हणून येत आणि खसखशीचे केक खाऊनच जात.

"माझा यंदाही कुजला," त्या दर वर्षी म्हणत. "तुझ्या हातात काय आहे गं, ओतिलिया?"

"हातात काही नाही. तू त्याला पाण्यात बुडवतेस. कंद आहे तो, कार्प मासा नाही."

असे पुष्कळ हिवाळे गेले. काचेच्या धुळीने वोयतेखची छाती पोखरली आणि तो गेला. त्याच्या उशाशीही ती मेणबत्ती लागली. यार्मिला शिकली, शहरात शिक्षिका झाली आणि सुट्टीत येऊ लागली. ओतिलिया एकटी राहिली, तरी ह्रोमनित्सेला खिडकीतले फूल कधी चुकले नाही. वाकडा ग्लास, वाकडा ग्लास, असे म्हणत गावाने माझे जेवढे कौतुक केले तेवढे सरळ ग्लासांच्या वाट्याला आले नसेल.

मग एका शरदात ओतिलियाला धाप लागू लागली. पिंपापासून दारापर्यंत यायचे, तरी ती मध्ये दोनदा थांबे. यार्मिला शाळेतून रजा घेऊन आली. तालुक्याच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी यार्मिलाला दाराबाहेर नेऊन सांगितले की फुप्फुसांत गाठ आहे, फार तर वसंतापर्यंत. आमच्याकडे तेव्हा तशीच रीत होती. आजाराचे खरे नाव घरच्यांना सांगायचे, ज्याचा आजार त्याला नाही. यार्मिला आत आली आणि म्हणाली, "ब्राँकायटिस आहे, आई. जुना झालाय, म्हणून हटत नाही."

"बरं," ओतिलिया म्हणाली.

त्या वर्षी खाटेवरून तिने एकच गोष्ट मागितली. "ग्लास भरशील ना? यंदा तूच कर. ह्रोमनित्सेला खिडकीत फूल हवं. तेवढं एकदा बघायचं... म्हणजे नेहमीसारखं."

यार्मिलाने ते वाक्य मधेच तुटलेले ऐकले. मीही ऐकले. त्या क्षणापासून तिच्यासाठी तो कंद नुसता कंद राहिला नाही. आई जाणार हे तिच्या हातात नव्हते. पण फुलाच्या आधी जाऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो, असे तिने मनाशी धरले.

तिने सगळे नीट केले. बाजारातून टणक कंद आणला, बोटे खाजवत आईला दाखवला. कोळशाचा खडा टाकला. काडीएवढी फट ठेवली. पिंपातले पाणी त्या वर्षी लवकर गोठले होते, म्हणून तिने नळाचे भरले. त्याने कंदाचे काही बिघडले नाही. बिघडले ते दुसऱ्याच गोष्टीने.

सफरचंदे ओतिलिया नेहमी माळ्यावर ठेवत असे, पेंढ्यावर पसरून, जुन्या रजईखाली. यंदा ती तोडायलाही कोणी नव्हते. होलुबोव्हाकाकूंनी आपल्या मुलांना झाडावर चढवले आणि भरलेली खोकी दारात आणून ठेवली.

"माळ्यावर चढवायची का गं?" त्यांनी विचारले. "शिडी मोडकी आहे तुमची. आणि तू वर चढलीस आणि इकडे आईला उबळ आली तर?"

"तळघरात ठेवूया ना, काकू. गार आहे."

"हो, राहू दे तिथेच. एरवी बटाटे एकटे कंटाळतात."

दोघी हसल्या. खोकी माझ्या शेजारी आली. मला तरी काय ठाऊक? मी कधी सफरचंदांच्या शेजारी राहिलो नव्हतो, आणि का राहिलो नव्हतो याचे कारण मला कोणी सांगितले नव्हते. ओतिलियाने ते कारण मुलीलाही सांगितले नव्हते, कारण तिच्या घरात सफरचंदे तळघरात उतरण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. मित्रांनो, हायसिंथचे फूल बाहेर पडायच्या कितीतरी आधी कंदाच्या पोटात इवलेसे तयार होऊन बसलेले असते. पिकणारी सफरचंदे श्वास सोडतात. त्या श्वासाने कंदातली कळी आतल्या आत वाळते. मुळांना काही होत नाही. पानांनाही होत नाही. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

यार्मिला रोज खाली येई. माझ्यात पाणी घालून ते त्याच एका उंचीला आणून ठेवी आणि मेणबत्ती धरून माझ्या पोटात पाही. मुळे भरगच्च होती. तिचा चेहरा माझ्या काचेत वाकडा दिसे, पण त्यावरचे समाधान मला दिसत होते. खाली येताना ती गप्प असे. वर जाताना गुणगुणे. वर खाटेवरून प्रश्न येई.

"मुळं?"

"पांढरीशुभ्र. भरपूर."

"वास कसला येतोय?"

"कुठे?"

"काही नाही. ये, बस जरा."

डिसेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या संत मिकुलाशच्या सणाच्या सुमाराची ही गोष्ट. यार्मिला आईवर वाकून उशी सारखी करत होती, असे नंतर दोघींच्या बोलण्यातून मला कळले. मी तेव्हा खालीच होतो, अंधारात.

नाताळनंतर यार्मिलाने मला वर आणले आणि निळ्या कागदाचे टोपडे केले. कडा जरा तिरक्या कापल्या गेल्या. ओतिलियाने खाटेवरून पाहिले आणि म्हणाली, "छान झालंय." तिची नजर टोपड्यावर जास्त वेळ राहिली, असे मला वाटले. ती आता फार थोडे खाई. लिंडन झाडाच्या फुलांचा चहा, कधी सूप. डॉक्टर येत, मनगट धरत, आणि यार्मिला त्यांना दारापर्यंत पोचवायला जाई. परत येताना ती आधी मोरीपाशी थांबे. लहानपणी टोपड्याला बोट लावणारी ती मुलगी आता त्याच्याकडे पाहायलाही धजत नव्हती. उघडून पाहिले तर बुटके राहील, हे तिने एकदा शिकून घेतले होते.

ह्रोमनित्सेच्या सकाळी होलुबोव्हाकाकू चर्चमधून थेट आल्या, बुटांना बर्फ लागलेले तसेच. हातात नवी मेणबत्ती होती.

"घे बाई, तुमच्यासाठीही आणली. फादरांनी यंदा इतकं लांबण लावलं की माझा निम्मा आशीर्वाद झोपेतच झाला."

"ठेव तिथे खिडकीत," ओतिलिया म्हणाली. "लागेलच."

काकूंनी मेणबत्ती खिडकीत ठेवली. "चुलीवर दूध ठेवून आलेय," असे म्हणून त्या गेल्या.

यार्मिलाने मला खिडकीत ठेवले, आईची उशी उंच केली आणि आईकडे पाठ येईल अशी उभी राहून टोपडे उचलले.

हिरवीगार पाने उभी होती. त्यांच्या मधोमध, जिथे तुरा असायचा, तिथे तपकिरी कागदासारखे काहीतरी चुरगळलेले होते. वास नव्हताच.

ती तशीच उभी राहिली. मग तिने टोपडे पुन्हा माझ्यावर ठेवले.

"अजून थोडं आहे, आई," ती म्हणाली. आवाज बरा होता. "दोन-चार दिवसांत होईल."

"यारुश्का, काढ ते टोपडं. त्याच्याखाली काही नाही."

यार्मिला वळली नाही.

"मिकुलाशपासून तुझ्या स्वेटरला सफरचंदांचा वास येतोय. खोकी तळघरात उतरवलीस ना?"

"हो."

"सफरचंदांशेजारी कंद फुलत नाही, बाळा. मी कधी सांगितलंच नाही तुला."

"मग तेव्हा का नाही बोललीस? दुसरा कंद आणला असता!"

"डिसेंबरात कुठला कंद? आणि गेलेली कळी परत येते होय? तू खालून वर येताना गुणगुणायचीस. मी इथे पडून ऐकायचे. ते बंद झालं असतं."

यार्मिला खाटेच्या कडेवर बसली. "म्हणजे मी रोज मुळं मोजत होते आणि तू..."

"मी ऐकत होते. मग आता तू सांग. डॉक्टरांना दारापर्यंत सोडतेस आणि येताना मोरीत तोंड धुऊन येतेस. दर वेळी. ब्राँकायटिसला इतकं तोंड धुवावं लागतं?"

खिडकीतून छपरावरचे बर्फ घसरून पडल्याचा आवाज आला.

"वसंतापर्यंत म्हणालेत," यार्मिला म्हणाली.

"डॉक्टर उगाच आशा दाखवतात," ओतिलिया म्हणाली. "रडू नकोस. म्हणजे रड, पण मोरीत जाऊन नको. इथे रड." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "ती सफरचंदं तरी आण वर. फूल खाल्लं त्यांनी, आता आपण त्यांना खाऊ."

यार्मिलाने सफरचंद कापले आणि चमच्याने खरवडून तो गर आईला भरवला, लहान बाळाला भरवतात तसा. ओतिलियाने ते पूर्ण खाल्ले. कितीतरी दिवसांत तिने तेवढे खाल्ले नव्हते.

त्यानंतरचे दिवस मी खिडकीतून पाहिले. दोघी बोलत होत्या. ओतिलियाने सांगितले की तिला कोणता पोशाख घालायचा, वोयतेखच्या कोणत्या बाजूला झोपवायचे, कोणती बशी होलुबोव्हाकाकूंना द्यायची. तिने हेही सांगितले की तिला श्वास कोंडण्याची भीती वाटते. यार्मिलाने विचारले, "मी झाले तेव्हाही भीती वाटली होती?" ती म्हणाली, "तेव्हाच जास्त." आणि मग तिने मुलीला पहिल्यांदा त्या बाळंतपणाची, हिरव्या कोंबाची आणि वाकड्या ग्लासाची गोष्ट संपूर्ण सांगितली. सगळा हिवाळा दोघींना बोलायला मिळू शकला असता. मिळाले ते एवढेच दिवस.

फेब्रुवारी संपायच्या आत, एका दुपारी, बाहेर ऊन असताना तिचा श्वास लांब लांब पडू लागला. होलुबोव्हाकाकूंनी माझ्या शेजारची मेणबत्ती उचलून पेटवली आणि यार्मिलाच्या हातात दिली. यार्मिलाने ती आईच्या बोटांभोवती आपली बोटे ठेवून धरली. खिडकीत माझ्या वाटीतली पाने, फूल नसलेली, हिरवीच होती.

नंतर माझ्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पाने पिवळी पडून माझ्या कडेवरून लोंबली. पाणी हळूहळू आटले. घर आवरताना यार्मिलाने कंद खताच्या ढिगावर टाकला आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून शहरात आणले. कागद सोडल्यावर तिला ती दिसली. माझ्या पोटात, ती रोज ज्या उंचीला पाणी आणून ठेवायची तिथे, चुन्याची पांढरी, जाड रेघ बसली होती. पावसाच्या पाण्याने कितीतरी वर्षे मी स्वच्छ राहिलो होतो. ही रेघ त्या एकाच हिवाळ्याची.

एकदा होलुबोव्हाकाकू शहरात भेटायला आल्या, अजूनही तशाच बडबड्या. त्यांनी मला फळीवरून उचलले, उजेडात धरले आणि म्हणाल्या, "काय गं ही दशा केलीस याची! व्हिनेगर आहे ना घरात? आत्ता निघेल."

यार्मिलाने मला त्यांच्या हातातून घेतले. "राहू दे, काकू."

काकूंनी रेघेकडे पुन्हा एकदा पाहिले. मग त्यांनी आणलेला खसखशीचा केक ताटलीत काढला आणि हवापाण्याचे बोलत बसल्या.

त्यानंतर यार्मिलाने कधी माझ्यात कंद ठेवला नाही. पण दर शरदात एखादा दिवस असा येतो की ती बाजारातून परत येते, पिशवी खाली ठेवते आणि वह्या तपासायला बसल्यावर बोटे खाजवत राहते. तेव्हा मला कळते, ती कंदांच्या टोपलीपाशी थांबली होती. एक हातात घेऊन तिने दाबून पाहिला होता, टणक आहे का, जड आहे का, आणि परत ठेवला होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात की आम्हाला घासूनपुसून ठेवा. माझे मागणे उलटे आहे. कंद घरी आणलात तर सफरचंदांपासून दूर ठेवा. घरात कोणी आजारी असेल आणि दोघांनाही ठाऊक असलेली एखादी गोष्ट टोपड्याखाली झाकलेली असेल, तर ह्रोमनित्सेपर्यंत वाट पाहू नका. आणि कोणाच्या फळीवर माझ्यासारखा एखादा डागाळलेला ग्लास दिसला, तर लगेच व्हिनेगरची बाटली शोधू नका. आधी विचारा, यात शेवटचे पाणी कोणी घातले होते?